फ्लॉपी वाचत नाही? आधी उजेडात धरा, मग ड्राइव्हमध्ये घाला

कोकणातल्या घरांतून निघणाऱ्या जुन्या फ्लॉप्या आणि कॅसेटींचं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं. आतली नोंद पुसलेली नसते, तिच्यावर बुरशी चढलेली असते. पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत तीस-पस्तीस पावसाळे काढलेली फ्लॉपीसुद्धा वाचता येते. ती कायमची जाते ती सापडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत, कारण मिळाली तशी ती ड्राइव्हमध्ये सारली जाते.

लक्षणं

– ड्राइव्हमधून बारीक, ओढल्यासारखा किर्र आवाज येतो. हे सगळ्यांत वाईट लक्षण. त्या क्षणी फ्लॉपी बाहेर.
– टक-टक, टक-टक, आणि मग 'जनरल फेल्युअर रीडिंग ड्राइव्ह ए'. नव्या विंडोजवर 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' असा प्रश्न येतो.
– फायलींची यादी नीट दिसते, पण कॉपी करताना मध्येच 'सेक्टर नॉट फाउंड'.
– फ्लॉपी कोरी असल्यासारखी दिसते, यादीच येत नाही.
– काल चांगली वाचलेली फ्लॉपीही आज वाचत नाही.
– दुसरी फ्लॉपी घातली तरी पहिलीचीच यादी दिसते.
– ड्राइव्हचा दिवा सुरू केल्यापासून पेटलेलाच राहतो.
– फाइल उघडते, पण मराठीच्या जागी भलतीच अक्षरं.
– स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या कॅसेटवर 'आर टेप लोडिंग एरर'.

यातली शेवटून तिसरी आणि चौथी लक्षणं केबलची आहेत, मराठीच्या खिचडीचा डिस्कशी संबंधच नाही. पहिली पाच मात्र एकाच साखळीतली आहेत. एका फ्लॉपीची बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या टोकाला, म्हणजे हेडला चिकटते, ते हेड पुढच्या फ्लॉपीचा चुंबकीय लेप खरवडतं, आणि डब्यातल्या दहाही फ्लॉप्या एका बसणीत जातात.

तपासणीआधी दोन नकार पक्के करा. 'फॉरमॅट' विचारलं तर नाही. 'अबॉर्ट, रिट्राय, फेल' आलं तर रिट्राय नाही. ३६० केबीची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५. दहा सेकंद रिट्राय म्हणजे खराब झालेल्या त्याच रेघेवरून (ट्रॅकवरून) हेड ५० वेळा घासलं जातं. वाचायची खटपट करून फ्लॉपी सुधारत नाही, झिजते.

१. नुसतं बघणं

खर्च शून्य, आणि अर्धा निकाल इथेच लागतो. साडेतीन इंची फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण बोटाने बाजूला सरकवा, मागची धातूची चकती हळूहळू फिरवत पूर्ण गोल पाहा. सव्वापाच इंचीला झाकण नसतं. मधल्या भोकाची कड बोटाने धरून फिरवली की लांबट खिडकीतून सगळी डिस्क दिसते. लेपाला बोट लावू नका. मोबाइलचा टॉर्च सरळ न मारता तिरका, जवळजवळ आडवा धरा. सरळ उजेडात निरोगी दिसणारी डिस्क तिरक्या उजेडात खरं काय ते दाखवते.

काय दिसतं यावर पुढचं ठरतं. सगळीकडे एकसारखा काळसर-तपकिरी गुळगुळीतपणा असेल तर पुढे चला. पांढरट, किंचित निळसर, चिऱ्याच्या भिंतीवर शेवाळाचे ठिपके उमटतात तशी बेटं दिसली तर ती बुरशी. अशी फ्लॉपी वेगळ्या पिशवीत ठेवा, ती थेट पायरी ६ वर जाईल. ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा गोल रेघा दिसल्या तर कुणीतरी आधीच खराब हेडने ती वाचायला पाहिलेली आहे. आणि रेघेतून पलीकडचा उजेड आरपार दिसला तर तिथला लेप गेला, त्याबरोबर तिथली माहितीही. दोन्ही बाजू पाहायला विसरू नका.

फ्लॉपी कोरी दिसणं म्हणजे ती कोरी आहे असं नाही. डॉसच्या फ्लॉपीवर फायलींची यादी आणि कुठली फाइल कुठे आहे याचा तक्ता सगळ्यांत बाहेरच्या रेघांवर असतो. शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरची यादी तर पहिल्या रेघेच्या पहिल्या दोन सेक्टरांतच (तुकड्यांतच) मावते. बुरशी कडेपासून आत सरकते, त्यामुळे यादी आधी जाते आणि आतला मजकूर बऱ्याचदा शाबूत राहतो.

याच वेळी प्रत्येक फ्लॉपीच्या लेबलाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. लेबलवरचा 'डीएस डीडी', 'एचडी', तारीख, वापरलेल्या प्रोग्रॅमचं नाव, पेनाने लिहिलेला फॉन्ट, हे सगळं पुढे लागतं. पाण्याने सुटणारं लेबल हे धुण्याच्या पायरीचं पहिलं नुकसान असतं.

डबा कोणत्या यंत्राचा आहे तेही इथेच ठरवा. शाळेचा असेल तर तो १९८४-८५ पासून शाळांतल्या संगणक-साक्षरतेच्या 'क्लास' प्रकल्पात आलेल्या बीबीसी मायक्रोचा असू शकतो. घरगुती कॅसेटी असतील तर पुण्याच्या डेसिबेल्सने बनवलेला स्पेक्ट्रम प्लस आठवा. नव्वदीतल्या बहुतेक फ्लॉप्या डॉसच्या पीसीच्या. बीबीसी मायक्रोच्या जुन्या डिस्क एकेरी घनतेच्या असतात. त्या नेहमीच्या पीसीत वाचल्या नाहीत तर डिस्क खराब आहे असं समजू नका, पायरी ७ पाहा.

२. खाच, भोक आणि चिकटपट्टी

हीसुद्धा फुकटची तपासणी. लिहिण्याची वाट आधी बंद करा. साडेतीन इंचीवर कोपऱ्यातली खिडकी उघडी म्हणजे लिहिणं बंद. सव्वापाच इंचीवर उलट, कडेची खाच झाकली म्हणजे बंद. काही ड्राइव्ह ती खाच उजेडाने ओळखतात, म्हणून पारदर्शक सेलोटेप चालत नाही, काळी इन्सुलेशन टेप लावा. हे करायचं कारण असं की विंडोज फ्लॉपी नुसती उघडली तरी तिच्यावर काहीबाही लिहू शकतं.

साडेतीन इंचीची दुसरी गंमत अशी. पूर्वी काही लोक एचडी फ्लॉपी ७२० केबीला फॉरमॅट करत, कारण त्यांचा ड्राइव्हच तेवढंच करणारा असे. आजचा ड्राइव्ह खिडकीसमोरच्या कोपऱ्यातलं दुसरं भोक पाहून ती १.४४ एमबीची धरतो आणि 'वाचता येत नाही' म्हणतो. त्या भोकावर जाड, अपारदर्शक पट्टी लावून पाहा. डिस्कला काही झालेलं नसताना हात टेकलेल्या कित्येक फ्लॉप्या एवढ्यावर उघडतात.

३. सादळलेलं आधी सुकवा

जुलैत किनाऱ्यावरच्या हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज असते. ६५-७० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिलं की बुरशी धरते. फ्लॉपीच्या जाकिटाला आतून मऊ कापडी अस्तर असतं, ते पापडासारखं सादळतं. सादळलेलं अस्तर डिस्कला धरून ठेवतं, मोटर ओढते, फेऱ्यांचा वेग हलतो आणि सेक्टर चुकतात. इथे दुरुस्ती म्हणजे फक्त वाट पाहणं.

हवाबंद झाकणाचा पाचेक लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तळाशी २०० ग्रॅम सिलिका जेल जाळीच्या पुरचुंडीत, वर फ्लॉप्या उभ्या, आणि बाजूला छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ४५ वर येऊन दोन दिवस तिथेच राहिला की काढा. सिलिका जेल नारिंगी घ्या, निळं नको. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास भाजले की पुन्हा कामाला येतात.

सिलिकाच्या जागी तांदूळ घालू नका, त्याची पीठासारखी भुकटी डिस्कवर बसते. कोकमाच्या सालीशेजारी सुपात घालून फ्लॉप्यांना ऊन दाखवू नका, ५० अंशांच्या पुढे डिस्क वाकडी होते आणि वाकडी झालेली सरळ होत नाही. हेअर ड्रायर नको. एसीच्या खोलीतून बाहेर ओटीवर आणलेली फ्लॉपी तासाभरात लावू नका. थंड डिस्कवर दव धरतं. जिथे वाचायची त्याच जागी दिवसभर राहू द्या.

गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना हे आवडत नाही, पण भाद्रपद हा फ्लॉपी वाचायचा महिना नव्हे. डबा सिलिकात बंद करून मुंबईला न्या, किंवा इथेच ठेवून दिवाळीनंतर हात घाला.

४. हेड साफ करणं

पहिल्या तीन पायऱ्या झाल्या, डिस्क डोळ्याला स्वच्छ आहे, तरी वाचत नाही, किंवा सगळ्याच फ्लॉप्या एकदम वाचेनाशा झाल्या, तर हेड पाहा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, त्याला तिथे 'आयपीए' म्हणतात. हात धुण्याचं सॅनिटायझर चालत नाही. त्यात ग्लिसरीन असतं आणि हेडवर त्याचा चिकट थर राहतो. निरांजन किंवा गॅस पेटलेल्या खोलीत बाटली उघडू नका.

फोमचा बोळा हलका भिजवा, टपटपता नको. खालच्या हेडवर डावी-उजवीकडे पाच-सहा वेळा फिरवा. वरचं हेड पातळ पट्टीवर तोललेलं असतं. ते बोळा शिरेल एवढंच उचला, अगदी थोडं. जास्त उचललं की पट्टी वाकते, हेड कायमचं तिरकं बसतं, आणि तो ड्राइव्ह भंगारात. बोळ्यावर तपकिरी डाग आला तर तो कुठल्यातरी फ्लॉपीचा लेप आहे. बोळा कोरा निघेपर्यंत नवे बोळे घ्या. पाच मिनिटं सुकू द्या.

मग महत्त्वाची फ्लॉपी लगेच घालू नका. एक बिनकामाची, चांगली फ्लॉपी मिनिटभर वाचवा, बाहेर काढा, तिरक्या उजेडात पाहा. ताजी गोल रेघ उमटली असेल तर हेडवर अजून काहीतरी बसलेलं आहे. ही बळीची फ्लॉपी कायम हाताशी ठेवा, आणि प्रत्येक संशयित फ्लॉपीनंतर हीच पाळी पुन्हा. कंटाळवाणं आहे. पण ड्राइव्ह आता नवे बनत नाहीत.

५. केबल, वीज, यूएसबी

दिवा सतत पेटलेला म्हणजे चपटी केबल एका टोकाला उलटी बसली आहे. लाल कड एक नंबरच्या पिनेकडे हवी. दुसऱ्या फ्लॉपीवर पहिलीची यादी दिसत असेल तर ड्राइव्ह 'डिस्क बदलली' हा इशारा देत नाही. तो चौतिसाव्या पिनेवरून जातो, केबल किंवा पिन तपासा. खाऱ्या वाऱ्याने पिना हिरव्या-काळ्या पडतात, केबल दोन-चार वेळा काढ-घाल केली तरी वरचा थर घासून निघतो. हा दोष क्षुल्लक वाटतो, पण तो असताना कुठलीही फाइल सेव्ह केली तर दुसऱ्याच फ्लॉपीचा तक्ता हिच्यावर लिहिला जातो.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह हबवर लावू नका. कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला थेट लावा. मोटर सुरू होताना वीज कमी पडली की टक-टक करून गप्प बसतो. हे ड्राइव्ह साडेतीन इंचीपुरतेच, सव्वापाच इंची आणि बीबीसीचं काम त्यांच्याकडून होत नाही. आणि लाइट जा-ये करत असेल त्या दिवशी वाचनच नको. इन्व्हर्टरवर बदली होतानाचा झटका चालू वाचन मोडतो.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर फायली एकेक कॉपी करत बसू नका. आख्ख्या फ्लॉपीची एकच इमेज, म्हणजे सगळ्या सेक्टरांची जशीच्या तशी एक फाइल घ्या. लिनक्सवरचं 'डीडीरेस्क्यू' याला सर्वांत चांगलं, कारण ते कुठले सेक्टर वाचले आणि कुठले नाहीत याचा नकाशा वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं. पहिली फेरी खराब भागाला न खरवडता, म्हणजे 'एन' पर्याय लावून. मग 'आर' पर्यायाने फार तर तीन वेळा प्रयत्न. तरी काही उरलं तर तोच नकाशा घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर चालवा. फक्त राहिलेलेच सेक्टर वाचले जातात, आणि हेडचा कोन जरा वेगळा असलेला ड्राइव्ह पुष्कळदा ते उचलतो.

इमेज पुरी आली का, हे आकारावरून कळतं. ३६० केबी म्हणजे नेमके ३,६८,६४० बाइट, ७२० केबी म्हणजे ७,३७,२८०, १.२ एमबी म्हणजे १२,२८,८००, १.४४ एमबी म्हणजे १४,७४,५६०. बीबीसीची चाळीस ट्रॅकांची एक बाजू १,०२,४०० आणि ऐंशीची २,०४,८००. मात्र न वाचलेल्या जागी शून्यं भरूनही आकार बरोबर येतो, म्हणून नकाशा फाइल कधी टाकू नका. इमेजचा शा-२५६ ठसा (फाइलमधल्या बाइटांवरून निघणारा ओळख-आकडा) काढून तिच्याच शेजारी ठेवा. पेन ड्राइव्ह दगा देतात तेव्हा कुठली प्रत खरी हे त्यावरून ठरतं. एक बारीक गोष्ट: त्या काळच्या बऱ्याच फ्लॉप्यांवर बूट सेक्टरचे व्हायरस असतात, आणि तुमचा अँटिव्हायरस इमेजच उचलून बंदिस्त करून ठेवतो. ते फोल्डर आधीच वगळा.

६. बुरशी धुणं

इथून पुढे चूक परत घेता येत नाही. आधी बिनकामाच्या दोन फ्लॉप्या फोडून हात बसवा. एन-९५ मास्क लावा, काम पडवीत करा, स्वयंपाकघरात नाही. सुकी बुरशी झटकू नका, तिची पूड घरभर जाते.

सव्वापाच इंची: फ्लॉपी उभी धरून हलके ठोका म्हणजे आतली डिस्क खाली बसेल. मग वरच्या कडेवरून, खिडकीच्या विरुद्ध बाजूने, कात्रीने जेमतेम एक मिलिमीटर पट्टी कापा. डिस्क आणि जाकीट यांत फार जागा नसते, जास्त कापलं तर डिस्कच कापली जाते. बाहेर काढण्याआधी मधल्या भोकालगतच्या कडेवर, जिथे नोंद नसते, लेबलाच्या बाजूला छोटी खूण करा. उलटी बसवलेली डिस्क वाचत नाही, आणि मग धुण्यानेच बिघडली असं वाटत राहतं. आयपीएने मार्कर पुसला जातो, म्हणून खूण असलेल्या बाजूचा फोटोही काढा.

साडेतीन इंची: झाकणाचा पत्रा किंचित पसरवून काढा. आतली स्प्रिंग उडते, वाटी हाताशी ठेवा. मग कोपऱ्यांत पातळ प्लॅस्टिक कार्ड घालून दोन्ही अर्धी सोडवा. डिस्क मधल्या धातूच्या चकतीला चिकटवलेली असते, तिला तिथून ओढू नका.

पुसण्याआधी भोकालगत, नोंद नसलेल्या पट्टीवर आयपीएचा एक थेंब कापडाला लावून टेकवा. कापडावर तपकिरी रंग उतरला तर थांबा, त्या लेपाला अल्कोहोल सोसत नाही. रंग न उतरल्यास चष्म्याच्या कापडासारखं धागे न सोडणारं कापड भिजवून, डिस्क फिरवत, दोन बोटांच्या वजनाने पुसा. दाबू नका. कापडाची प्रत्येक घडी एकदाच वापरा, नाहीतर तीच बुरशी पुढे फिरते.

रंग उतरणाऱ्या सव्वापाच इंची डिस्कला डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीत घालतात तेच. एक लिटरला भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, त्यात हलवून काढा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात दोनदा. विहिरीचं किंवा नळाचं पाणी सुकल्यावर क्षार मागे ठेवतं. साडेतीन इंचीची चकती गंजते म्हणून तिला पाणी शक्यतो नको. पंख्याच्या थेट झोताबाहेर उभी ठेवून चोवीस तास, मग सिलिकाच्या डब्यात एक दिवस.

जुनं जाकीट पुन्हा वापरू नका, त्याच्या अस्तरात बुरशी भरलेली असते. त्याच मापाच्या कोऱ्या फ्लॉपीचं जाकीट घ्या आणि डिस्क तात्पुरती त्यात ठेवा. लगेच, एकाच बैठकीत इमेज काढा. धुतलेली डिस्क ही साठवायची वस्तू नाही, पण टाकूनही देऊ नका.

७. फ्लक्स

डिस्क स्वच्छ, हेड स्वच्छ, तरी सेक्टर चुकतात, किंवा डिस्क पीसीची नाहीच, तर ग्रीझवीझलसारखं बोर्ड लागतं. ते यूएसबीला जोडतं आणि पीसीचा चौतीस पिनांचा जुना ड्राइव्ह थेट चालवतं. फायली न शोधता ते डिस्कवरचे चुंबकीय बदल, म्हणजेच फ्लक्स, जसेच्या तसे नोंदवतं. अर्थ नंतर, सावकाश, कॉम्प्युटरवर लावता येतो. डिस्क एकदाच ड्राइव्हमध्ये घालून वाचली की काम झालं, हा त्याचा खरा फायदा. प्रत्येक ट्रॅकचे तीन ते पाच फेरे घ्या. बीबीसीच्या एकेरी घनतेच्या डिस्कही याने निघतात.

सव्वापाच इंची ड्राइव्हला १२ आणि ५ व्होल्ट वेगळे द्यावे लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. १.२ एमबीचा ड्राइव्ह ३६० केबीची डिस्क वाचतो, मात्र एक ट्रॅक सोडून एक पाऊल टाकायला सांगावं लागतं, नाहीतर प्रत्येक ट्रॅक दोनदा येतो. त्याने तिच्यावर लिहू मात्र नये, त्याचं हेड अरुंद असतं. फ्लक्सची फाइल कित्येक एमबीची होते, तरी मूळ म्हणून तीच जपा.

मराठी वाचता येत नाही तेव्हा

इमेज निघाली, फाइल उघडली, आणि समोर खिचडी. इथे डिस्कला दोष देऊन पुन्हा वाचायला जाऊ नका.

इंग्रजी शब्द आणि आकडे बरोबर दिसतात, मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या-टिंबं असलेली युरोपीय अक्षरं दिसतात, तर फाइल इस्कीत, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतप्रणालीत आहे. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर डॉसमध्ये लिहिलेला मजकूर असा असतो. १९९१ चं भारतीय मानक आयएस १३१९४ त्याचंच. आयसीयू या युनिकोडच्या सॉफ्टवेअर संचातल्या 'यूकॉन्व्ह' या साधनाला 'इस्की, आवृत्ती ०' सांगितलं की देवनागरी युनिकोड मिळतं.

मराठीच्या जागी नुसतीच अर्थहीन इंग्रजी अक्षरं दिसली तर ती फॉन्टमध्ये कोंडलेली मराठी. ज्या फॉन्टमध्ये लिहिलं त्याच फॉन्टसाठीचा परिवर्तक लागतो. श्रीलिपीचा शिवाजीला चालत नाही. म्हणून डब्यातली फॉन्टची फ्लॉपी कंटाळवाणी म्हणून शेवटी ठेवू नका, ती आधी काढा. परिवर्तनानंतर पहिलं पान छापील प्रतीशी ताडून पाहा. रफार, ऱ्या-ऱ्हा, पहिली वेलांटी आणि ळ इथे चुका हमखास.

तिसरा प्रकार फसवा. वर्डस्टारच्या इंग्रजी फायलींत शब्दाचं शेवटचं अक्षरच तेवढं विचित्र दिसतं, कारण वर्डस्टार तिथे आठवा बिट चढवतं. तो उतरवला की मजकूर स्वच्छ. पण हाच उपाय इस्की फाइलवर केला तर सगळी मराठी पुसली जाते, कारण इस्कीची मराठी त्या आठव्या बिटावरच उभी आहे. कुठलाही प्रयोग प्रतीवर.

कॅसेटी थोडक्यात

खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड पाहा. पांढरी दिसली तर टेप पुढे-मागे गुंडाळू नका. कॅसेटच्या तोंडातला फेल्टचा चौकोनी तुकडा गळून पडलेला नाही ना, तेही पाहा. तो नसेल तर टेप हेडला टेकत नाही आणि आवाज दबका येतो. दुसऱ्या चांगल्या कॅसेटचं घर वापरा. स्क्रूचं घर उघडणं सोपं, चिकटवलेलं फोडावं लागतं.

मोबाइल समोर धरून रेकॉर्ड करू नका. हेडफोनच्या खाचेतून थेट वायर, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो, साधी वेव्ह फाइल. एमपी-३ नको, ते आवाजातल्या स्पंदांच्या कडा गोल करतं. डॉल्बी बंद. स्पेक्ट्रमची प्रत्येक नोंद सुमारे ८०७ हर्ट्झच्या सलग सुराने सुरू होते. तो सूर डळमळत असेल तर प्लेअरचा पट्टा सैल. सूर ठीक पण पुढचा खरखराट दबलेला असेल तर हेडचा कोन, म्हणजे शेजारचा छोटा स्क्रू, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवत आवाज सगळ्यांत तीक्ष्ण होईल तिथे थांबवा.

कागद

मॅन्युअलं, प्रोग्रॅमच्या हाताने लिहिलेल्या वह्या आणि डॉट मॅट्रिक्सच्या प्रिंट. गंजलेल्या पिना आधी काढा, ओढून नाही, पाठीमागून पाय सरळ करून. स्कॅन रंगीत, ३०० डीपीआय, फिकट रिबनची छपाई असेल तर ६००. काळा-पांढरा मोड फिकट ठिपके खातो आणि ८ चा ३ होतो. प्रोग्रॅमच्या यादीत तो एक आकडा पुरतो. सलग कागदाची पानं फाडण्याआधी क्रमाने नंबर घाला. थर्मल कागद सगळ्यांत आधी, तो दरवर्षी फिका होतो. कसर लागली म्हणून डांबर गोळ्या टाकू नका, त्यांची वाफ शेजारच्या फ्लॉप्यांच्या प्लॅस्टिकवर बसते.

इथे थांबा

– लेपातून उजेड आरपार दिसतो आणि तीच एकमेव प्रत आहे. फ्लक्स वाचणाऱ्या, जाकिटातून डिस्क काढून काम करणाऱ्या माणसाकडे द्या. देताना विचारा: मूळ फ्लक्स फाइल देणार का? नुसत्या 'रिकव्हर केलेल्या फायली' देतो म्हणणाऱ्याला देऊ नका.
– धुताना दोन्ही द्रावणांत रंग उतरतो.
– पुराचा गाळ. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात आला तसा गाळ सुकला की लेपाला सिमेंटसारखा धरतो. ओल्या फ्लॉप्या सुकवू नका. स्वच्छ थंड पाण्याच्या झिप पिशवीत ठेवून एक-दोन दिवसांत तज्ज्ञाकडे पोचवा. चिकटलेली गुळगुळीत छपाईची पानं ओढू नका, ती कागद-संवर्धकाचं काम.
– फ्लॉपीऐवजी जुनी हार्ड डिस्क खडखडते. झाकण उघडू नका, पुन्हा सुरूही करू नका.
– फायली पाहायला जुनं यंत्रच चालू करायचा मोह. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधला कागदी कपॅसिटर तडे जाऊन ओल पितो आणि वीज लावल्यावर धूर काढत फुटतो. सप्लायमध्ये आणि पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरमध्ये प्लग काढल्यावरही धक्का बसेल एवढा भार राहतो. हे पॉवर सप्लाय दुरुस्त करणाऱ्याचं काम. जुन्या २८६ पीसीच्या मदरबोर्डवरची बॅटरी गळून हिरवी झाली असेल तर तीही त्याच्याचकडून काढवा.

काम झाल्यावर मूळ फ्लॉप्या उभ्या, सिलिकाच्या डब्यात, फडताळाच्या मधल्या कप्प्यात. बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला लागून नको, पोटमाळा तर नकोच. इमेज दोन वेगळ्या डिस्कवर, त्यांतली एक किनाऱ्यापासून दूर असलेल्या नातेवाइकाकडे. आगोटीच्या खरेदीच्या यादीत मीठ-मसाल्याखाली 'सिलिका भाजणे' एवढं लिहून ठेवा.